लगद्याचा मेंदू आणि भाऊबीजेचा पाट

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. घाबरू नका, खरा नव्हे, कागदाच्या लगद्याचा. जयपूरच्या शास्त्री नगरात, रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका सातारकर कुटुंबात माझा जन्म झाला. नववीतल्या पवनला विज्ञान प्रदर्शनासाठी मेंदू करायचा होता. तेव्हा घरात त्याला मुलगी समजत आणि प्रज्ञा म्हणत. पवन हे नाव त्याने पुढे स्वतः निवडलं, म्हणून मीही तेच घेतो.

त्याचे बाबा सर्जेराव रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रं भिजवली आणि कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथीची पूड मिसळली. माझा डावा भाग पवनने घडवला, उजवा बाबांनी. बाबांचा भाग जरा जाडच झाला. आपलं डोकं मुळातच जड, त्याला कोण काय करणार, असं म्हणून ते हसले. बांबूच्या खुंट्यांनी दोन्ही भाग जोडले की मी पुरा होई.

प्रदर्शनात माझं कौतुक झालं. नंतरही संध्याकाळी ते दोघे मला उघडत. बाबा विचारत आणि पवन बोट ठेवून सांगे, इथे दिसतं, इथे तोल सांभाळला जातो. ती बोटं मला अजून आठवतात.

मग भाऊबीज आली. धाकटा निलय पाटावर बसला. आईने ओवाळणीचं ताट पवनच्या हातात दिलं. त्याने ते हळूच खाली ठेवलं.

"मला ताई म्हणून ओवाळायचं नाही," तो म्हणाला. "मी मुलगा आहे, बाबा. आतून. कळायला लागल्यापासून."

बाबा उठून बाहेर गेले.

त्यानंतर दोघांचं बोलणं 'जेवायला चल' एवढ्यावर आलं. मला कपाटावर ठेवलं गेलं. धूळ बसत राहिली. रोज संध्याकाळी मी वाट पाही, पण कोणाचा हात वर येत नसे. पवन तर निलयशीही बोलेनासा झाला, तेव्हा आई धास्तावली. पवनला विचारून तिने बाबांना जवळच्या विद्याधर नगरला धाडलं, त्याला जीवशास्त्र शिकवणाऱ्या सुवर्णा मॅडमकडे. बाबांनी मला पिशवीतून नेलं.

"मॅडम, फॉल्ट कुठंय तेवढा ह्यात दाखवा," ते म्हणाले. सिग्नल बंद पडला की तार कुठे तुटली ते शोधायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मॅडमनी मला उघडलं आणि सावकाश समजावलं. आपण मुलगा की मुलगी, ही जाणीव ठेवलेला एखादा कप्पा मेंदूत नसतो. बायकांच्या आणि पुरुषांच्या मेंदूंत सरासरीने थोडे फरक सापडतात, पण ते इतके मिसळलेले असतात की एक मेंदू बघून कोणी सांगू शकत नाही. ही जाणीव कशी घडते ते शास्त्राला अजून पुरतं उलगडलेलं नाही. मात्र तो बिघाड नाही, लाडाचा परिणामही नाही.

"मग मला कळायचं कसं?" बाबांनी विचारलं.

"विचारा, सर्जेरावजी. आणि उत्तर जड गेलं तरी पाठ फिरवू नका."

परतताना बाबांनी मला छातीशी धरलं होतं.

पुन्हा भाऊबीज आली. निलयचा पाट मांडलेला होता. पवन दाराशी उभा होता. बाबांनी घसा खाकरला.

"तुला कुठं बसायचंय?"

"निलयच्या शेजारी," तो म्हणाला. "आणि मला पवन म्हणा."

बाबा उठले. आईचा हात ताटावरच थांबला. निलयने मान खाली घातली. आतल्या खोलीत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि बाबा दुसरा पाट घेऊन आले.

"बस, पवन."

बहिणीच्या जागी आईनेच दोघांनाही ओवाळलं.

मित्रांनो, आता पवन शिकायला पुण्याला गेला आहे. बाबा कधी कधी मला उघडतात, पण डाव्या भागावर बोट ठेवून सांगणारा इथे नाही. मी दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहतो. मला पुसायचं तर कोरड्या फडक्याने पुसा, मला पाणी सोसत नाही. आणि कोणी मनातलं सांगू लागलं आणि तुम्हाला उठावंसं वाटलंच, तर त्याच्यासाठी पाट आणायला उठा.