अळणी खाऊ

आमच्या अण्णांना मनापासून दोनच गोष्टी आवडायच्या, कोर्टातली कारकुनी आणि पोपटाचा खाऊ. दर रविवारी सकाळी ते आईला चुलीपासून उठवायचे, पंचा गुंडाळून बसायचे आणि मोड आलेले मूग पाट्यावर वाटायचे. त्यात भाजलेलं नाचणीचं पीठ, लाल भोपळ्याचा कीस, चिमूटभर तीळ. बोराएवढ्या गोळ्या वळून मोदकपात्रात वाफवायच्या. गणपतीला वर्षातून एकदा मोदक आणि या मेल्याला दर रविवारी, असं आई म्हणायची. पण गोळ्या वळायला शेवटी तीच बसायची, कारण अण्णांच्या हातून त्या एकसारख्या होत नसत.

गोळ्यांत मीठ नाही, गूळ नाही, तेलाचा थेंब नाही. मीठ म्हणजे या जातीला विष, हे अण्णांचं ठाम मत. शेजारच्या गोदूबाईंनी एकदा कौतुकानं राघूला चिवडा घातला, तेव्हा अण्णांनी त्यांना असं फैलावर घेतलं की वर्षभर त्या आमची पायरी चढल्या नाहीत. राघू स्वतः मात्र मुलखाचा हावरट. आमची पानं मांडली की दांडीवर नाचायचा, मान तिरकी करून मागायचा. अण्णा त्याच्या चोचीत गोळी द्यायचे आणि आमटी भुरकायला लागायचे.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर अण्णांच्या पायांवर सूज आली. नळावरून घरापर्यंत आले तरी धाप लागायची. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, काळीज थकलंय, मीठ पूर्ण बंद. माझं लग्न तेव्हा देवरूखच्या मुलाशी ठरलं होतं, मुहूर्त वैशाखातला. आईनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, वैशाखापर्यंत राहतील ना? पथ्य पाळलं तर राहतील, असं ते म्हणाले. झालं, आईनं कंबर कसली.

लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे, मीठ, सगळं गोदूबाईंकडे गेलं. घरात मिठाचा खडा राहिला नाही. आई स्वतःही अळणी जेवायला लागली, म्हणजे नवऱ्याला तक्रारीला जागा नको. मी मात्र चोरासारखी गोदूबाईंकडे जाऊन आमटीभात खाऊन यायचे.

अण्णा थोडे दिवस निमूट गिळत राहिले. मग पान बाजूला सारायला लागले. अंगावरचं मांस उतरलं, पायांवरची सूज तेवढी राहिली. आणि एक दिवस पडवीत पिंजऱ्यापाशी बसून ते राघूच्या वाटीतल्या गोळ्या खाताना आईला दिसले. एक त्याला, एक स्वतःला. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या लिंबाएवढ्या झाल्या आणि रविवारऐवजी रोज व्हायला लागल्या. अण्णांना हे कळलं नसेल असं कसं म्हणू? पण ते खात राहिले. घरात आता दोन पोपट आहेत, असं आई गोदूबाईंना हसून सांगायची. मला त्या हसण्याची चीड यायची. नवसाचा बोकड राखावा तसं माझ्या लग्नासाठी माझ्या बापाला राखून ठेवलं होतं, आणि त्यात माझं नाव पुढे होतं.

चैत्रात हळदीकुंकू आलं. आंब्याच्या डाळीशिवाय ते कसं व्हायचं, म्हणून आईनं गोदूबाईंकडून मीठ आणून डाळ केली. हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास पार पडवीपर्यंत गेला. बायका ओट्या घेऊन गेल्यावर अण्णांनी मला हळूच हाक मारली.

"सुमे, एक चमचा आण गो. एकच."

मी वाटी घेऊन निघाले, तर उंबऱ्यातच आईनं माझं मनगट धरलं आणि वाटी काढून घेतली. अण्णांना म्हणाली, एवढा महिना काढा, पोरीचा हात तुमच्याच हातानं द्यायचाय. अण्णा तिच्या हातातल्या वाटीकडे बघत राहिले. माझा बाप त्या वाटीकडे कसा बघत होता ते मी कधीच विसरणार नाही.

"अगो लीले," ते म्हणाले, "राघूला आपण कधी विचारलं काय, तुला काय हवंय म्हणून?"

"नाही विचारलं," आई म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं जगला."

तिनं उरलेली सगळी डाळ अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे टाकून दिली. अण्णांनी मान फिरवली आणि पिंजऱ्याच्या दाराशी उगाच चाळा करत बसले.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी जरा टेकतो म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वैशाख अजून लागायचा होता.

सुतकात घरातल्या सगळ्यांनाच अळणी. पहिल्याच घासाला मला हुंदका आला. हे असलं ते दिवाळीपासून खात होते. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी भटजी उद्याची तयारी सांगायला आले, तेव्हा आईनं दारातून विचारलं की पिंडाच्या भातात थोडं मीठ घातलं तर चालेल काय. बाई दुःखानं भरकटली असं त्यांना वाटलं असावं.

"वहिनी, पिंडाला मीठ नसतं," ते समजावून म्हणाले.

आई बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी पान ठेवल्याबरोबर कावळा शिवला. नशीबवान माणूस, कसली म्हणून इच्छा राहिली नव्हती, असं परत आलेले लोक सांगायला लागले. आई भिंतीला टेकून ऐकत होती.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पानं वाढताना राघू नेहमीसारखा दांडीवर नाचायला लागला. आई उठली, तळलेला पापड मोडून त्याच्या वाटीत टाकला. मी म्हटलं, आई, मरेल तो.

"मरू दे," ती म्हणाली. "खाऊन मरू दे."

राघू मेला नाही. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढताना आईचा हात जरा अडायचा. आत तो टुणटुणीत असायचा. पापडानंतर शेव, शेवेनंतर लोणच्याची फोड. गोळ्या तिनं परत कधी केल्या नाहीत. माझं लग्न वर्षाच्या आत उरकलं, हात काकांनी दिला. मी माहेरी यायचे तेव्हा राघू आधीपेक्षा गुबगुबीत दिसायचा. गोदूबाई म्हणायच्या, बघा, भाऊजी उगाच धास्ती घ्यायचे, मिठानं कधी कोण मरतं काय? त्या बिचाऱ्या कौतुकानंच म्हणायच्या.

असंच एकदा त्या बोलत असताना आई उठून आत गेली. मी मागोमाग गेले, तर ती मोरीत तोंडावर पाणी मारत उभी होती.

"सुमे, हा मेला असता तर बरं झालं असतं गो," ती म्हणाली. "मी बरोबर होते, एवढं तरी मला कळलं असतं."