बेवारस फोल्डरातली माणसं

कारेगावच्या त्या कारखान्यात कामगारांचे फोन जोडून देणं साहेबानं बंद केलं, तेव्हा कॉम्प्युटर बघणाऱ्या महेंद्रनं छाती काढून सांगितलं होतं, "फोन कशाला, साहेब? घरच्यांनी मेल टाकावा. पुढचं माझा सर्व्हर बघंल."

साल होतं दोन हजार एक. आणि सर्व्हर बघतही होता. आलेला प्रत्येक मेल तो उचलायचा आणि त्याची वेगळी फाइल करून ठेवायचा. महेंद्रनं लिहिलेला प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी तिथं डोकवायचा, पहिल्या ओळीतलं नाव हजेरीच्या यादीशी ताडून बघायचा, आणि जुळलं की गेटवरचा प्रिंटर चिठ्ठी ओकायचा. तो करकरायला लागला की थेट लांबच्या वढूला समाधीच्या दर्शनाला आलेली माणसं दचकून मागं बघायची, असं सांगतात. नाव जुळलं नाही तर फाइल 'बेवारस' नावाच्या फोल्डरात. तिथं जाहिरातींचा कचराच पडणार, म्हणून रोज दुपारी चार वाजता ते फोल्डर आपोआप साफ व्हायचं.

पण तीन दिवस झाले, महेंद्रचं कामात लक्ष नव्हतं. बायको सीमा पहिल्या बाळंतपणाला दौंडला माहेरी. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेलेली. अंगात रक्त कमी, ऐन वेळी रक्ताची बाटली लागेल, माणसं जवळ ठेवा, असंही बजावलेलं. सासूबाईंच्या घरी फोन नव्हता. त्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं, "कळा सुरू झाल्या की स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जा. तिथली पोरगी टाईप करून देईल." आणि तेव्हापासून तो दर पाच मिनिटांनी गेटवर. चालून चालून त्यानं ऑफिस ते गेट अशी पायवाट पाडली, तीही सिमेंटात.

"इनुसमामा, दौंडचं काही?"

"न्हाई रे बाबा," वॉचमन इनुसमामा म्हणाले. "आलं की मीच पळत येतो. जा, चहा घे."

तेवढ्यात गेटवर एक बाई रिक्षातून उतरली. मामांची बायको, हसीनाचाची. मांडवगण फराट्याहून आलेली, आणि तोंडावरूनच कळत होतं की तिथनंच भांडत आलेली.

"चार मेल धाडले मी! शिरूरला जाणाऱ्याच्या हातापाया पडून! एकाचं उत्तर न्हाई. म्हनलं, मानूस हाय का गेला ते तरी बघून येऊ!"

"अगं, एकबी चिठ्ठी न्हाई आली. ह्या महेंद्रला विचार."

"चाची, पहिल्या ओळीत नाव टाकलं होतं ना?"

"टाकलं की. 'सलमानचे अब्बा'."

"तसं नाही. मामांचं नाव. इनुस."

चाचीनं पदर तोंडाला लावला. "या बया! नवऱ्याचं नाव मी घेऊ? आन् तेबी परक्या मानसापुढं?"

मामा हसायला लागले. महेंद्रला हसू आलं नाही. पंधरा दिवसांत प्रिंटरनं भावाच्या चिठ्ठ्या काढल्या, बापाच्या काढल्या, मित्रांच्या काढल्या. एका बाईची चिठ्ठी म्हणून निघाली नव्हती. आणि सासूबाई! त्या तर समोर उभं राहूनही त्याला 'जावई' याच्या पलीकडं काही म्हणाल्या नव्हत्या.

गेटवरच्या घड्याळात चारला सात मिनिटं कमी.

तो असा पळाला की चपला गेटवरच राहिल्या. खुर्चीत बसला. पासवर्ड दोनदा चुकला. चारला एक मिनिट असताना त्यानं साफसफाई बंद पाडली आणि 'बेवारस' उघडलं.

आत एकशे सदतीस फाइली. हे फक्त कालपासूनचं. आधीचं स्वतःच्या हुशारीनं त्यानं रोज पुसलेलं. 'अहो', 'पिंकीचे पप्पा', 'घरातले', 'आमचे हे'. इंग्रजी अक्षरांत मराठी, घामानं डोळे चुरचुरायला लागले. शेवटी दौंडच्या कॅफेतून सकाळी नऊला आलेली एक फाइल सापडली:

'जावई, पोरीला मोठ्या दवाखान्यात घातलंय. रक्त लागंल म्हनतेत. लवकर निघा.'

बस्स. ना पोरीचं नाव, ना आईचं. कॅफेला फोन लावला तर एंगेज; त्याच लाइनीवर इंटरनेट चालायचं. आणि दौंडला सासुरवाड असलेले कारखान्यात तिघं: महेंद्र, प्रेसवरचा सम्राट, ज्याची बायको ताप आला म्हणून माहेरी गेलेली, आणि पॅकिंगचा कोंडिबा, ज्याची पंचमीला गेलेली.

त्यानं चिठ्ठी छापली आणि दोघांपुढं धरली.

"माझीच असंल," सम्राट खाली बसला. "ताप उतरतच नव्हता तिचा."

"माझी तर झोक्यावर उभी राहती," कोंडिबा म्हणाला. "पडली का काय?"

"बोलत काय बसलाय!" इनुसमामा ओरडले. "ज्याची आसंल त्याची. रक्त तर तिघांच्याबी अंगात हाय ना? तो माल घेऊन चाललेला टेम्पो थांबवलाय मी. गेटपास माझ्या सहीवर. साहेबाला काय सांगायचं ते मी सांगतो. पळा!"

न्हावऱ्याच्या रस्त्यानं टेम्पो असा सुटला की म्हणतात, मागं उसाला वारा लागायचा तो टेम्पो दिसेनासा झाल्यावर. मागं पत्र्याच्या पेट्यांवर तिघं. ही चिठ्ठी आपली नसावी असं महेंद्रला वाटायचं, आणि लगेच समोरच्या सम्राटचं तोंड दिसलं की स्वतःचीच लाज वाटायची. असं अख्खा रस्ताभर.

दवाखान्याच्या पायरीवर महेंद्रच्या सासूबाई, गिताबाई, बसल्या होत्या. महेंद्र पळता पळता पायरीवर अडखळला. सम्राटनं एका बाजूनं धरलं, कोंडिबानं दुसऱ्या.

"सकाळपास्नं वाट बघती," गिताबाई एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या.

नर्स दारात आली. "रक्त देणारे कोण?"

तिघांनी एकदम बाह्या वर केल्या. तपासणीत महेंद्रचं जुळलं नाही. कोंडिबाचंही नाही. सम्राट पलंगावर आडवा झाला आणि म्हणाला, "घ्या, ताई. फक्त कुणीतरी माझ्या सासरी जाऊन तापाचं तेवढं बघून या."

कोंडिबा निघाला. महेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला. हाताला काम नाही, समोर स्क्रीन नाही. आत बाटली गेली. दार लागलं. गिताबाईंनी त्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, स्वतःच्या चपला काढून त्याच्यापुढं सरकवल्या.

अर्ध्या तासानं आतून बारीक रडण्याचा आवाज आला. त्यानंतर आणखी दहा मिनिटं दार उघडलं नाही, आणि ती दहा मिनिटं महेंद्रनं कशी काढली ते कुणालाच सांगता येणार नाही.

मग नर्स आली. "मुलगी आहे. आईनं डोळे उघडलेत. एकानं आत या."