शिंप्याच्या घरची ऐरण

मित्रांनो, मी ऐरण आहे. जुनी म्हणा, चालेल. म्हातारी म्हणू नका. लोखंडाला वय नसतं, गंज असतो, आणि तो पुसता येतो.

ऐरण म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. लोहार तापलेलं लोखंड ज्याच्यावर ठेवून बडवतो, तो ठोकळा म्हणजे मी. वरून सपाट, कंबरेत बारीक, एका बाजूला निमुळतं शिंग. हातोड्याचं नाव सगळे घेतात, कारण तो हलतो. मी हलत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी बघत नाही. दगड टाकीचे घाव सोसतो आणि देव होतो. मी त्याच्या कैक पट सोसले आणि ऐरणच राहिले. मोठी माणसं म्हणतात, "प्रश्न ऐरणीवर आला." माझ्यावर आजवर एकही प्रश्न कोणी आणून ठेवला नाही. आले ते नाल, कोयते आणि बिजागऱ्या.

माझा जन्म भट्टीत झाला आणि तारुण्य गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात गेलं. तिथला लोहार नव्या माणसाला आधी माझ्याकडे आणायचा. हातोडी हलकेच माझ्या तोंडावर टेकवायचा आणि म्हणायचा, "ऐक! घंटा आहे घंटा." मी लाजायचे. लोखंडाला लाजता येतं, फक्त दिसत नाही. पुढे कारखान्यात दाबयंत्र आलं. ते एका दमात जे करायचं ते काम आम्ही सगळे मिळून दिवसभर करायचो. मग एके दिवशी मला ढकलत ढकलत बाहेर नेलं आणि मी भंगारवाल्याच्या दारात येऊन पडले.

तिथे माझ्या कंबरेला एक कुत्रा बांधलेला असायचा. तो रोज मला ओढून पळायचा प्रयत्न करी आणि रोज हरे. शेवटी त्याला माझ्याबद्दल इतका आदर वाटू लागला की तो माझ्या सावलीत झोपू लागला. कामातून गेलेल्याला असा एखादा तरी सोबती लागतो.

अशात एक दिवस मास्तर आले. हे शिकवणारे मास्तर नव्हेत, हे शिंपी. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तरच म्हणतात. ते आले होते पायाने चालवायच्या शिलाई मशिनच्या जुन्या पायट्याच्या शोधात. जाता जाता सवयीने त्यांनी बोटातल्या अंगुस्तानाने, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायच्या धातूच्या टोपीने, मला टकटक केलं. मी वाजले. ते थबकले. पुन्हा टकटक केलं. मी पुन्हा वाजले.

"ही कितीला जड आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना वजन विचारायचं होतं की भाव, हे त्यांनाही कळलं नसावं.

"काका, ही पाहून ठेवा नुसती," भंगारवाला म्हणाला. "उचलायला घ्याल तर कंबर इथेच ठेवून जावी लागेल."

तरीही संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी होते. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक. मला तिथे लाकडाच्या ओंडक्यावर बसवण्यात आलं. तेवढ्यात मास्तरांची बायको हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आली. ती नर्स. तिने पर्स खांद्यावरून न काढताच विचारलं, "हे काय?"

"ऐरण."

"कोणाची?"

"आपली."

"अहो, दुकान बंद केल्यावर माणसं झाडं लावतात, बुद्धिबळ खेळतात."

"झाडं वाढायला फार वेळ घेतात गं," मास्तर म्हणाले. "मी लोहारकाम शिकतोय. छंद."

"कोणाकडून शिकताय?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी गुरू केलं ते पहिल्यांदाच.

शिष्य कसा होता म्हणाल, तर मन लावणारा आणि पक्का शिंपी. ट्रकच्या चाकाच्या जुन्या ड्रमात त्यांनी कोळसा पेटवला. वारा घालायला भाता नव्हता, म्हणून लेक सासरी जाताना विसरून गेलेला केस वाळवायचा ड्रायर जोडला. पहिल्याच दिवशी त्यांनी तापल्या सळईला मोजपट्टी लावली. मोजपट्टीचा वास गल्लीभर गेला. मग त्यांनी कापडावरच्या खडूने खूण केली. ती आगीत गेली आणि परत आली नाही. त्यानंतर त्यांनी जे केलं ते कुठल्याही लोहाराने केलं नसतं. इस्त्री तापली का पाहायला शिंपी बोट जिभेवर ओलं करून चटकन टेकवतो ना? तसंच त्यांनी सळईला टेकवलं.

"हॉस्पिटलात दिवसभर तेच, आणि घरी ओव्हरटाइम," बायको मलम लावता लावता म्हणाली. "निदान दुसरं बोट तरी भाजून घ्यायचं. याला मागच्याच आठवड्यात पट्टी केली होती."

सगळ्यात मोठी गंमत हुकाची. बायकोला दाराशी छत्री अडकवायला एक छोटा हुक हवा होता. मास्तरांनी मापाच्या वर चांगली दोन बोटं सळई जास्त घेतली. "आटतं थोडं," ते मला समजावून सांगत होते. आयुष्यभर त्यांनी आटणारं कापड पाहिलेलं. त्यांना काय ठाऊक, की कापड धुतलं तर आटतं आणि लोखंड बडवलं तर लांबतं! ते बडवत गेले आणि हुक लांबत गेला. शेवटी तो छत्रीपेक्षा मोठा झाला.

"हुक मागितला होता," बायको म्हणाली, "आणि तुम्ही मला म्हातारपणची काठी दिलीत." पण ती हसत होती. मी शेडमधून पाहिलं, ती हसतानाही मास्तरांच्या ताटाकडे बघत होती. दुकान बंद झाल्यापासून ते चिमणीसारखं खायचे. आता शेडमधून आले की दोनदा वाढून घ्यायचे, आणि लोखंडाविषयी घास तोंडात असताना बोलायचे.

सगळं असंच चाललं असतं, पण सामाईक भिंतीच्या पलीकडे व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई राहत होत्या. त्यांच्याकडे मुलं शिकायला येत. ज्या आवाजाचं कारखान्यात कौतुक झालं, तोच इथे माझा गुन्हा ठरला. एक दिवस बाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, हे काय चालवलंय?"

"छंद आहे बाई."

"छंद तुमचा, आणि ठणका माझ्या डोक्यात. माझी दोन मुलं सोडून गेली. उरलेली व्हायोलिनचा गज उचलतात की तुम्ही हातोडा उचलता. शिकवणी बंद पडली तर मी काय करू? तुमच्यासारखी कपाळाला हात लावून घरात बसू?"

बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं असावं. पण बाण सुटला होता. मास्तर खाली बघत म्हणाले, "तुमचं पोटाचं काम आहे बाई, माझा नाद. रविवारी भंगारवाल्याला बोलावतो."

त्या संध्याकाळी ताटात अन्न तसंच राहिलं.

पण शिंपी इतक्यात हार मानत नाही. त्याला वाटतं, जगातली प्रत्येक अडचण थोडी आत घेऊन किंवा थोडी सैल सोडून बसवता येते. दुसऱ्या दिवशी मास्तर गळ्यात नवी मोजपट्टी अडकवून आले आणि त्यांनी माझं माप घेतलं. कंबर, उंची, शिंगाचा घेर. आवाज दाबायला ते मला अंगरखा शिवणार होते! जाड सुटाचं कापड, आत कापूस, वर टीप. मी आयुष्यात इतकी अवघडले नव्हते.

मशिनशी बसल्यावर ते बराच वेळ सुईशी झटापट करत राहिले. दोरा सुईच्या डावीकडून जाई, उजवीकडून जाई, आतून जात नसे. शेवटी त्यांनी हाक मारली, "अगं, जरा ओवून देतेस?"

बायकोने दोरा ओवला. तिला ठाऊक होतं. लोक तयार कपडे घेतात म्हणून दुकान बंद केलं, असं मास्तर सगळ्यांना सांगत. खरं कारण ते सुईचं भोक होतं. मला तेव्हा उमगलं, की या माणसाने मलाच का निवडलं. तापून लाल झालेलं लोखंड धूसर नजरेलाही दिसतं.

अंगरखा झकास झाला. पुढे बटणं होती. बाजूला खिसासुद्धा होता.

"ऐरणीला खिसा कशाला?" बायकोने विचारलं.

"हात थांबले नाहीत," मास्तर म्हणाले.

आवाज खरोखर निम्म्यावर आला. मास्तर खुशीत बडवू लागले. आणि एक लाल ठिणगी उडून थेट माझ्या खिशात पडली. आधी धूर निघाला, मग वास, मग कापसाने मनावर घेतलं. बायको बादली घेऊन धावली. पलीकडून बाई पायात चपला न घालता धावत आल्या, "आग! आग!" करत. पाणी पडलं. धूर विरला, तेव्हा तिघंजण माझ्याकडे बघत उभे होते. मी अर्ध्या जळक्या कोटात, एकच बटण लावून, भिजून चिंब.

बाईंना हसू आवरेना. मास्तर मात्र हसले नाहीत. "झालं, बाई. संपलं," ते म्हणाले. "उद्या रविवारच आहे. फाटकाची कडी भट्टीत तापते आहे, तेवढी पुरी करू द्या. ती अर्धी राहिली तर मला चैन पडणार नाही."

कोट उतरवला. मला कोरडं केलं. बाई कमरेवर हात ठेवून तिथेच थांबल्या. आजवर त्यांनी मला फक्त ऐकलं होतं. मास्तरांनी लाल कडी माझ्यावर ठेवली आणि बडवायला लागले. धाड. मग बराच वेळ काही नाही. मग धाड-धाड. मग नुसतंच टण.

"थांबा," बाई अचानक म्हणाल्या. "तुमचा पाय काय करतोय?"

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय जमिनीवर एकसारखा वरखाली होत होता. "कुठे काय... मशिनची सवय. आपोआप चालतो तो."

"अहो, पाय तालात आहे! हात बेताल आहे. इतके दिवस मला काय टोचत होतं ते आत्ता कळतंय. मोठा आवाज मी सोसला असता हो. पण पुढचा घाव कधी पडेल याची वाट बघत बसायचं म्हणजे... शिंक अडकल्यासारखं वाटतं. हाताला काही विचारू नका. पाय खाली आला की मारा."

"असं?"

"बोलू नका. मारा. एक, दोन. एक, दोन. घाई कोण करतंय? मी करतेय का?"

आणि मित्रांनो, काय सांगू! कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर एका लयीत घाव पडले. कडी आपोआप सपाट होत गेली. मास्तरांना दम लागेना. माझा आवाज तोच होता, तेवढाच मोठा. पण आता तो ऐकावासा होता. मास्तरांचं कपाळ घामाने चमकत होतं आणि बायको रिकामी बादली हातात धरून तशीच उभी होती.

"शिकवणीच्या वेळी नाही हं," बाई जाताना म्हणाल्या. "आणि हिच्या कंबरेला साखळी गुंडाळा, खाली वाळू घाला. आवाज दबेल, आणि यातलं काही जळत नाही. बाकीच्या वेळी मी भिंतीपलीकडून ऐकणार आहे. चुकलात तर भिंत ठोकेन."

बाई खरंच भिंत ठोकतात. आता तर त्यांची छोटी मुलं माझ्या ठोक्यावर स्वर धरतात, आणि मास्तर चुकले की तीसुद्धा भिंत ठोकतात. फारच आगाऊ आहेत.

त्या रविवारी सकाळी भंगारवाला ठरल्याप्रमाणे हातगाडी घेऊन आला. बायकोने दार उघडलं.

"वहिनी, मास्तर आहेत का? ऐरण न्यायला बोलावलं होतं."

शेडमधून घाव ऐकू येत होते. एक, दोन. एक, दोन. बायको क्षणभर ऐकत राहिली. मग पूर्वी दुकानात गिऱ्हाइकाला सांगायची त्याच सुरात म्हणाली, "ते कामात आहेत."

मित्रांनो, माझी काळजी घेणं फार सोपं आहे. थंड लोखंड माझ्या तोंडावर ठेचू नका, पावसात ठेवू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. पण तुमच्या घरात कोणी उतारवयात भलतंच काही शिकायला बसलं असेल, तर त्याच्या पहिल्या वाकड्या वस्तूला पोटभर हसा आणि मग दाराशी जाऊन थोडा वेळ उभे राहा. लोखंडाला तेल पुरतं. माणसाला मात्र कोणीतरी विचारावं लागतं, "काय करताय? बघू."