अन्नपूर्णेनं धरलेला विटाळ

बहात्तरच्या दुष्काळानंतर, ज्यात सरकारनं सुकडी वाटली होती, चार-पाच वर्षांची गोष्ट. देऊळगाव राजाची गोजरबाई साठीला टेकलेली, पाळी जाऊन जमाना झालेला, आणि एका सकाळी बाई ओसरीच्या कोपऱ्यात पोतं अंथरून ऐटीत बसली. "मले कावळा शिवला," तिनं सुनेला ठणकावून सांगितलं. शेजारच्या खैरुन्निसाला तर भिंतीवरून हाक मारून कळवलं, "जवानी वापस आली वं माही."

अंग भारी, वर साखरेची बिमारी, तरी चहा पाकासारखा लागायचा. त्यात आता बसल्या जागी आयतं जेवण. बाई खूशच होती.

महिन्यात पुन्हा पोतं अंथरलं गेलं, तेव्हा सून अन्नपूर्णेचं हसू आटलं. "आत्याबाई, हे काही बरं लक्षण नाही. जालन्याले डॉक्टरीणबाईकडे चला."

"अशी विटाळशी एसटीत बसू?"

"मंग विटाळ गेल्यावर चला."

"तवा कायले जाऊ? तवा मी धडधाकट असतो."

आता या बाईपुढे कोण कपाळ फोडणार? अन्नपूर्णा गुमान आली, पोत्यावर बसली आणि तिनं सासूचा हात घट्ट धरला.

गोजरबाई हबकली. "शिवली का वं मले? ऊठ, डोक्यावरून पाणी घे."

"नाही घेत. तुम्ही जालन्याले निघेपर्यंत मीबी बाहेरच."

झालं. चूल थंड. गोजरबाईचा लेक पंजाबराव वावरातून भुकेजून आला, तर घरच्या दोन्ही बाया कोपऱ्यात. त्यानं रिकामा तवा पाहिला, बायकोचं म्हणणं ऐकलं आणि म्हणाला, "माय, दुपारच्या गाडीनं निघायचं."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गर्भपिशवीतला तुकडा काढून पाठवला. निकाल आल्यावर समोर बसवून समजावलं. "मावशी, साखर झाली म्हणजे इन्सुलिन कमीच असतं असं नाही. तुमचं अंग त्याचं ऐकत नाही, म्हणून ते जास्तच तयार होत असावं. सून ऐकेना की सासू आवाज चढवते, तसं."

"ऐकत तं नाहीच ते," गोजरबाई सुनेकडे बघत म्हणाली.

"पण त्या आरडाओरड्यानं भलतेच जागे होतात. पिशवीचं अस्तर वाढत सुटतं. सगळं अजून उलगडलं नाही, पण भारी अंगाच्या, साखरेच्या बायांत हे जास्त दिसतं. तुमच्या पिशवीत त्याचा कॅन्सर झालाय. मात्र नुकताच."

गोजरबाईचं तोंड एवढंसं झालं. या वेळी कसलीही सबब न काढता तिनं ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उमटवला. ती खरंच घाबरली होती.

पिशवी काढली. काही दिवसांनी डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. "कुठं पसरलेलं नाही. सुटलात. पण वर्षभर तशाच पोतं अंथरत राहिला असतात, तर माझ्या हाती काही उरलं नसतं."

ते ऐकून अन्नपूर्णा भिंतीला टेकून रडायला लागली. सुनेशी गोड बोलायची गोजरबाईला सवयच नव्हती. तिनं सुनेचा पदर ओढून तिला खाटेवर बसवलं.

"रडतं काऊन? माहं आइक. यापुढं मी कितीबी नाही म्हटलं, त आइकत नको जाऊ."