तळाशी उरलेला ठिपक्यांचा घेवडा

मी एक जुनी, हिरव्या काचेची बाटली आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! जन्मले तेव्हा माझ्यात तांदळाची दारू होती हे खरे, पण ती प्यायली माणसांनी. ती संपल्यावर या घरच्या ताने आजीच्या सासूने मला राखेने घासले, उन्हात वाळवले आणि माझ्या पोटात घेवड्याचे बियाणे भरले. तेव्हापासून चाळीस वर्षे मी जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावरल्या या घरात फळीवर ताठ उभी आहे. डबे गंजले, पोती उंदरांनी फाडली. माझ्यातला एक दाणा कुणी कुरतडून दाखवावा!

इथला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही आणि सप्टेंबर सरतो न सरतो तोच दव पुन्हा गोठू लागते. मधल्या चार दिवसांत घेवड्याने उगवायचे, फुलायचे, वाळायचे. म्हणून पेरणीचा दिवस कोकिळेच्या जातीचा काक्को पक्षी ठरवतो. तो रानात ओरडला की थंडी गेली. माझ्यातला लाल ठिपक्यांचा घेवडा गावात दुसऱ्या कुणाकडे उरलेला नाही.

त्या मे महिन्यात आजी दात बसवायला शहरात गेली आणि आली ती ओरडतच.

"सायो! काक्को ओरडला! या कानांनी ऐकला, चौकात, रस्ता ओलांडताना. आण ती बाटली!"

सायो म्हणजे तिची सून. तिचा चेहराच उतरला. शहरात हिरवा दिवा लागला की आंधळ्या माणसांना कळावे म्हणून खांबावरचा भोंगा काक्कोचाच आवाज काढतो. तिला ते ठाऊक होते.

"आई, पक्षी दिसला का तुम्हाला?"

"पक्षी काय बघायचा असतो? तू मला पेरणी शिकवणार? तुझ्या माहेरी घेवडा दुकानात उगवतो!"

सायोने मला फळीवरून उतरवले. आजीने मला उलटी केली. चार बोटे दाणे उरले तेव्हा सायोने माझ्या तोंडावर तळहात धरला.

"एवढे राहू द्या. माझी हौस म्हणा."

"ठेव बाई, पूजा कर त्यांची!"

दोन आठवड्यांनी कोंब वर आले आणि तिसऱ्याच पहाटे दव गोठले. सगळे कोंब उकडलेल्या पाल्यासारखे काळे पडले. आजी वावराच्या कडेला उकिडवी बसून राहिली.

"सासूबाईंनी माझ्या हातात दिलं होतं गं," एवढेच म्हणाली. नव्या दातांनी त्या दिवशी काही चावले नाही. खरे सांगते, माझीही ऐट उतरली. आता तो घेवडा साऱ्या जगात माझ्या तळाशीच काय तो होता.

आठवड्याने खरा काक्को ओरडला.

"तूच पेर," आजी म्हणाली. "शहरातला काक्को खोटा होता, हे तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना!"

आजी आधी रागावली, मग खुदकन हसली.

पेरणी उशिराची. सप्टेंबरअखेर शेंगा पिवळ्या झाल्या, पण वाळल्या नाहीत आणि रेडिओने सांगितले, उद्या पहाटे दव गोठणार. पाने गळेपर्यंत शेंगांना हात लावायचा नाही, ही आजीची रीत. तिने सायोकडे पाहिले.

"काय करायचं?"

"मुळासकट उपटू आणि पडवीत उलटे टांगू. दाणे भरलेत, तिथे वाळतील."

"मग बघत काय बसलीस? चल!"

दिवस मावळायच्या आत वावरात एक रोप राहिले नाही. सकाळी सारी जमीन पांढरी होती. पुढचे तीन आठवडे मी खिडकीतून त्या जुड्यांकडे बघत होते. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत होता. मग एक दिवस वाऱ्याने शेंगा खडखडल्या. सासूसुनेने त्या झोडपल्या, पाखडल्या, आणि माझ्यात दाणे पडू लागले ते थेट गळ्यापर्यंत!

"हुश्श!" म्हणत आजी तिथेच पायरीवर बसली. "बूच तू लाव, सायो. यापुढे तूच लावायचं."

मित्रांनो, बियाणे जपायला काच पुरत नाही. घरातल्या हळू बोलणाऱ्या माणसाचेही ऐकावे लागते. मोठ्या आवाजाच्या माणसांनो, हे तुम्हालाच सांगते आहे. माझे म्हणाल, तर माझे पोट भरले आहे, बूच घट्ट आहे. आता बाहेर खुशाल बर्फ पडू दे.