मिरचीच्या पथारीवरचा रेडिओ

मित्रांनो, दोंडाईच्यात रेल्वे फाटकापलीकडच्या एका घरात, खिडकीशेजारच्या फळीवर बसून मी दिवस काढतो. मी एक म्हातारा रेडिओ आहे. माझ्या चामडी पिशवीचा पट्टा तुटला आहे, एरियल अर्धीच वर येते, आणि बटण फिरवले की बोलण्याआधी मी बराच वेळ खाकरतो. पण एके काळी माझे दोन शब्द ऐकायला पथारीभर बाया हातातले काम थांबवत असत.

पथारी म्हणजे मिरच्या वाळवायचे मोकळे रान. फाटकाच्या अलीकडे सायरबाई शेठाणींची अशी पथारी होती. नवरा गेल्यावर मिरचीचा सगळा व्यापार त्यांनी एकटीने सांभाळला. त्यांनीच मला धुळ्याच्या दुकानातून आणले, ते हवेचा अंदाज ऐकण्यासाठी. मिरची वाळत पडली की त्यांचा अर्धा जीव आभाळात असे. दुपारच्या बातम्यांच्या वेळी त्या मला घराच्या ओट्यावर आणून ठेवत. माझ्यावर त्यांचा देवासारखा विश्वास होता.

झुंबरबाईचा मात्र अजिबात नव्हता. झुंबरबाई ही बायांची मुकादमीण. फाटकापलीकडच्या बौद्ध वस्तीतून ती आणि तिची शेजारीण मंदाबाई सकाळीच येत, त्यांच्यामागे बाकीच्या बाया. पथारीच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. तिथे बसून मिरचीचे देठ खुडायचे, तिथेच भाकरी सोडायची. मंदाबाईची तान्ही लिला शेडच्या वाशाला बांधलेल्या झोळीत झोपे. तहान लागली की बाया ओट्याशी येत आणि शेठाणी तांब्याने वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतत. ओटा चढून घरात कोणी जात नसे. का जात नसे, हे मी तिथे असेपर्यंत कोणी बोलले नाही. मी तर फक्त हवेचे सांगणारा.

एका वर्षी, नव्वदच्या आसपास, चैत्र सरता सरता हवा बिघडली. सकाळी कडक ऊन, दुपार कलली की गुजरातच्या बाजूने ढग. माझ्यातून रोज तोच आवाज येई, ‘धुळे व जळगाव जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस.’ शेठाणी लगेच हाक देत. बाया मिरच्या गोळा करून ढीग लावत, वर ताडपत्री ओढत, आणि पाऊस पडे तो तिकडे शिंदखेड्याला! आमच्याकडे टिपूस नाही. पुन्हा ताडपत्री काढायची, पुन्हा मिरच्या पसरायच्या. असे दोनदा झाले.

तिसऱ्या दिवशी वादळी वारा आणि गारा असा अंदाज आला. शेठाणींनी झुंबरबाईकडे पाहिले.

झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “शेठाणी, तुमना रेडिओले दोंडाईचा माहीत शे का? काल पानी ऊना का? परवा ऊना का?”

दोन्ही दिवस न आलेला पाऊस आठवून सगळ्या बाया हसल्या. शेठाणीही ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, “बरं, राहू दे आज. ऊन तरी खाऊ दे मालाला.” त्यांनी माझे बटण बंद केले. मित्रांनो, खरे बोलणाऱ्याला कधी कधी आपलेच बोलणे खोटे ठरावे असे वाटते. मला त्या दिवशी तसे वाटले.

पण तासाभरातच आभाळ तांब्याच्या भांड्यासारखे लालसर झाले. वारा थांबला. मग एकदम असा सुटला की वाळलेल्या मिरच्या जमिनीवरून पळू लागल्या. वर टपोरे थेंब आणि त्यांच्यामागे गारा.

“बठ्ठ्या मिरच्या भिजतीन!” झुंबरबाई ओरडली. बाया ताडपत्रीकडे धावल्या. वाऱ्याने ती त्यांच्या हातातून ओढून नेली. मग सगळ्या सवयीने पत्र्याच्या शेडकडे वळल्या.

शेठाणी ओट्यावरून जिवाच्या आकांताने ओरडल्या, “मिरच्या जाऊ द्या! पत्र्याखाली नको, घरात या!”

बायांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. त्या जागच्या जागी थांबल्या. तेवढ्यात पत्रे करकरले आणि मंदाबाई किंचाळली, “मन्ही पोर!” ती शेडपासून लांब, पथारीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. जवळ होत्या त्या शेठाणी. साठीला टेकलेली, गुडघ्यांनी अधू झालेली ती बाई डोक्यावर गारा घेत शेडमध्ये शिरली आणि लिलाला झोळीतून उचलून घेऊन आली. त्या ओट्यावर पोचतात न पोचतात तोच शेडचे पत्रे उखडले आणि झोळीसकट वासा खाली कोसळला.

बाया ओट्यावर चढल्या, झुंबरबाईने मला पदराखाली घेतले आणि सगळ्या आत शिरल्या. मंदाबाई मात्र उंबरठ्याशी येऊन थबकली. अंगातून पाणी निथळत होते, तरी तिचा पाय आत पडेना.

शेठाणी आतून म्हणाल्या, “पोर आत आहे आणि तू बाहेर काय उभी?”

मंदाबाईने उंबरठा ओलांडला. शेठाणींनी कपाटातली कोरडी लुगडी काढून बायांना दिली आणि चुलीवर मोठे पातेले चढवले. त्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्याच घरातल्या कपांतून चहा घेतला.

निम्मी मिरची भिजून पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी दीर लखीचंदजी आले. “भाभी, माल तर गेलाच, पण घराची रीतही घालवलीत,” ते चिडून म्हणाले.

शेठाणी मिरच्या निवडता निवडता म्हणाल्या, “रीत पत्र्याखाली उभी होती, भावजी. उडून गेली.”

झुंबरबाई शेजारीच निवडायला बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबलेला मी पाहिला.

पुढे घराघरांत टीव्ही आले. मला कोणी ओट्यावर नेईनासे झाले. माळ्यावर पडलो, आतल्या सेलना गंज चढला. मग एकदा झुंबरबाई आजारी पडली, अंथरुणाला खिळली. शेठाणींनी मला खाली काढले, पुसले, नवे सेल घातले आणि मला काखेत घेऊन, काठी टेकत फाटक ओलांडले. इतक्या वर्षांत त्या तिकडे प्रथमच येत होत्या.

झुंबरबाई खाटेवर कशीबशी उठून बसली. शेजारची लिला तिच्या मदतीला आली होती, ती तेव्हा शाळेत जात होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला, पण मध्येच तिचा हात अडखळला. झुंबरबाईने हळूच विचारले, “आमना घरना चहा लेशात ना, शेठाणी?”

शेठाणींनी लिलाच्या हातातला पेला घेतला, सगळे पाणी पिऊन टाकले आणि म्हणाल्या, “साखर जरा जास्त टाक, पोरी.”

मला त्या तिथेच ठेवून गेल्या. आता शेठाणी आणि झुंबरबाई दोघीही नाहीत. झुंबरबाईमागे मी शेजारी लिलाच्या घरी आलो, ती मला दर रविवारी पुसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना रेडिओ पडला असेल. वापरत नसलात तर त्यातले सेल तेवढे काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतून खाऊन टाकतात. आणि त्याला भंगारात देण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, हा लागला की आपल्या ओट्यावर कोण कोण बसत असे, आणि आत कोणाला बोलवायचे राहून गेले.