कालव्यापलीकडे पाठवलेली वटवाघळं

वटवाघळं पाळता येत नाहीत, त्यांना नुसतं घर बांधून देता येतं. खांब उभारायचे, वर सुक्या ताडाच्या झावळ्या बांधायच्या, खाली लेंड्यांसाठी जाळं ताणायचं आणि वाट बघायची. पटलं तर राहतात. त्या लेंड्यांच्या खतावरच आमच्या किनाऱ्यावरच्या विन्ह चाऊ गावचा लाल कांदा पोसतो.

यंदा माझं जाळं हलकं व्हायला लागलं. तशात कालव्यापलीकडच्या सा खोननं नव्या झावळ्या चढवल्या. झालं! मी काठावरूनच सुरू झाले.

"खोनदादा, दुसऱ्याचे पाहुणे पळवताना लाज नाही वाटत?"

"एक नवं आलं असेल तर शपथ! ये, बघून जा. तुझ्या बडबडीला कंटाळून गेली असतील."

मी खरंच बघून आले. त्याची होती तेवढीच होती. मग माझी गेली कुठं? मला चैन पडेना. संध्याकाळी लक्ष ठेवलं, तर त्याची वटवाघळं भातशेतांकडं निघाली आणि माझी समुद्राकडं, पवनचक्क्यांच्या रांगेत.

पहाटे मी तिथं गेले. माझा भाचा वन्नाक तिथं राखणदार आहे. पात्यांखालच्या चिखलात ती मरून पडली होती, इवलीशी. अंगावर जखमसुद्धा नव्हती.

"वारा मंदावला की पात्यांभोवती किडे जमतात, त्यांच्यामागं ही येतात. पातं लागलं नाही तरी त्याच्या हवेच्या झटक्यानं आतून फुटतात," वन्नाक म्हणाला.

"आणि तू गप्प?"

"साहेबांना सांगितलं, मावशी. ते म्हणाले, आम्ही पक्षी मोजतो, हे पक्षी नाहीत. आता नोकरी सोडू? पोरं काय खातील?"

चक्क्या काही माझ्यानं थांबत नव्हत्या. मी तडक खोनकडं गेले.

"दादा, तुझी भातशेतांकडं जातात म्हणून वाचतात. माझ्यांसाठी तुझ्याकडं जागा आहे?"

त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "दोन खांब मोकळे आहेत. पण तुझ्या कांद्याचं काय?"

"खत तू देशील. नाही दिलंस तर माझं तोंड आहेच."

संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडल्यावर मी माझ्या सगळ्या झावळ्या उतरवल्या. शिडी खोननं धरली.

उजाडताना ती परतली आणि उघड्या खांबांभोवती घिरट्या घालत राहिली. मला बघवेना. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं पलीकडून खोनची हाक आली, "आली गं!"

किती आली, ते विचारायला मी दार उघडलं, पण शब्दाऐवजी रडूच फुटलं.